क्रिकेटला मिळालेल्या लहरी जनतेला कधी मिळणार?

२४ नोव्हेंबर १९९३ ची रात्र आमच्या पिढीला अजून आठवते. आम्ही तेव्हा शाळेत होतो. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर हिरो कपचा उपांत्य सामना चालू होता. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि चेंडू सचिन तेंडुलकरच्या हातात होता. त्या षटकात तीनच धावा निघाल्या आणि भारत जिंकला. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात अनिल कुंबळेने १२ धावांत ६ बळी घेतले. वस्तीत ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्या दारात सारी आळी बसली होती.

हे सगळे लोकांना आठवते. परंतु त्या सामन्यांचे चित्र कोणी टिपायचे, कोणत्या यंत्राने पाठवायचे आणि त्याला परवानगी कोणी द्यायची, यावरून त्याच दिवसांत सर्वोच्च न्यायालयात भांडण चालू होते हे फार थोड्यांना माहीत आहे. त्या भांडणातून पुढे जो निकाल लागला तो या देशातील प्रत्येक नागरिकाच्या हक्काचा आहे. तो क्रिकेटवाल्यांनी वापरला, कंपन्यांनी वापरला. ज्यांच्या नावाने तो दिला गेला त्या जनतेने मात्र तो अजून नीट वाचलेलासुद्धा नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी प्रकरण काय होते ते पाहू. बंगाल क्रिकेट असोसिएशनने १९९३ च्या नोव्हेंबरात ही स्पर्धा भरवली. दूरदर्शनशी प्रक्षेपणाच्या पैशावरून बिनसले, तेव्हा असोसिएशनने हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले. कंपनी आपली यंत्रसामग्री घेऊन आली. आता परवानग्यांची माळ पाहा. उपग्रहाकडे चित्र पाठवायचे तर विदेश संचार निगमची संमती. मैदानात चित्रीकरण करायचे आणि वॉकी-टॉकी वापरायचे तर गृह मंत्रालयाचे ना-हरकत पत्र, आणि तेही दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस विभागाची मान्यता मिळण्याच्या अटीवर. बाहेरून आणलेले सामान सोडवायचे तर कस्टम्स. आणि या सर्वांच्या वर माहिती व प्रसारण मंत्रालय.

बहुतेक कागद हाती आले होते. तरीही स्पर्धा सुरू झाली तेव्हा यंत्रे अडकली. कारण सांगण्यात आले की १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या कलम ४ खाली परवाना नाही. इंग्रजांनी १८५७ च्या उठावानंतर अठ्ठावीस वर्षांनी केलेला हा कायदा. तारा, आणि पुढे बिनतारी यंत्रेही, उभारण्याचा व चालवण्याचा अधिकार फक्त सरकारचा, इतरांना सरकार देईल तेवढाच, असे हे कलम सांगते. त्याच्या जोडीला १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा, ज्याप्रमाणे बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगणेही गुन्हा. परक्या राज्यकर्त्याला जनतेची भीती वाटत होती, म्हणून त्याने असे कायदे केले. स्वतंत्र भारताच्या सरकारांनी ते जसेच्या तसे सांभाळून ठेवले.

असोसिएशन कोलकाता उच्च न्यायालयात गेली, तेथून सर्वोच्च न्यायालयात. स्पर्धा सुरू होऊन आठवडा उलटत होता. न्यायालयाने १५ नोव्हेंबर १९९३ रोजी अंतरिम आदेश देऊन यंत्रे सोडायला लावली आणि प्रक्षेपणाची वाट मोकळी केली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एका क्रिकेट स्पर्धेच्या तात्पुरत्या यंत्रांसाठी इतक्या तातडीने वेळ काढावा लागला. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. उलट, न्याय असाच वेळेवर मिळायला हवा. आमचा प्रश्न पुढचा आहे.

अंतिम निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी आला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांचे ते खंडपीठ. यातील सावंत आणि जीवन रेड्डी ही नावे आमच्या वाचकांना नवीन नाहीत. १६ नोव्हेंबर १९९२ च्या मंडल निकालात हे दोघेही होते, आणि ओबीसींचे २७ टक्के आरक्षण वैध ठरवणाऱ्या बहुमतात होते. त्याच दोघांनी सव्वादोन वर्षांनी सांगितले की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या बापाची नाही आणि खाजगी शेठचीही नाही. तिचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे. न्या. सावंतांनी सरकारला निर्देशही दिला, की समाजातील सर्व घटकांचे व हितसंबंधांचे प्रतिनिधित्व असलेली एक स्वतंत्र, स्वायत्त संस्था ताबडतोब स्थापन करा आणि लहरींचे नियंत्रण तिच्याकडे द्या.

‘सर्व घटकांचे प्रतिनिधित्व’ या शब्दांकडे लक्ष द्या. प्रतिनिधित्व हा आपल्या लढ्याचा गाभा आहे. शाळेत, नोकरीत, विधिमंडळात तो आपण मागितला. लहरींच्या बाबतीत तो न मागताच सर्वोच्च न्यायालयाने सांगितला होता. पुढे काय झाले? १९९७ साली प्रसारण विधेयक संसदेत आले आणि लोकसभा विसर्जित होताच बुडाले. प्रसार भारती कायदा १९९० पासून पडून होता, तो १९९७ मध्ये अंमलात आला. पण ती आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी संस्था आहे, लहरींचे वाटप करणारी नव्हे. २००४ पासून ट्रायकडे प्रसारणाचे काही काम आले, ते मुख्यतः दर, जोडणी आणि शिफारशी यांचे. न्यायालयाने सांगितलेली सर्व समाजाची संस्था आजतागायत अस्तित्वात नाही.

निकालाचा फायदा मात्र झाला. क्रिकेटचे हक्क विकण्याची वाट मोकळी झाली आणि ती किती रुंद झाली हे आज घरोघरी दिसते. २००७ मध्ये कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला देणे बंधनकारक करावे लागले, ते एवढ्यासाठी की ज्याच्याकडे केबल नाही त्या गरिबाला सामना दिसावा. त्यातही २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या यंत्रणेपुरताच आहे, खाजगी केबलवाल्यांना तो पुढे देता येणार नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे लहरी जनतेच्या, आणि सामना पाहायचा तर जनतेने पैसे मोजायचे.

आता मैदानात काय लागते ते थोडे समजून घेऊ, कारण नियम कशासाठी आहेत हे कळल्याशिवाय त्यावर बोलणे बरोबर नाही. मोठ्या सामन्यात स्टंपमधला माइक, बिनतारी कॅमेरे, पंचांच्या कानातले यंत्र, समालोचकांचे माइक, डॉक्टर, अग्निशमन, पोलीस, स्वयंसेवक यांचे संच असे कितीतरी बिनतारी साहित्य एका जागी एकाच वेळी चालते. दोन यंत्रे एकाच फ्रिक्वेन्सीवर आली तर एकमेकांना बंद पाडतात. पंचांचा आवाज बिघडला तर फारसे बिघडत नाही, पण रुग्णवाहिकेचा किंवा विमानाचा संदेश बिघडला तर माणसे मरतात. म्हणून कोणती फ्रिक्वेन्सी, किती शक्ती, कोणती जागा आणि किती दिवस, हे आधी ठरवून द्यावे लागते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी ब्रिटनच्या ऑफकॉम या संस्थेने सर्व फ्रिक्वेन्सींचा आराखडा आधी बनवला. यंत्रे तपासून त्यांवर खुणेची पट्टी लावली, मगच आत सोडली. हे शास्त्र आहे, आणि त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही.

पण त्याच लंडनमध्ये दुसरी गोष्टही होती. यजमानपद मिळवताना ब्रिटिश सरकारने ऑलिंपिक आयोजकांना लागणारे स्पेक्ट्रम शुल्क न घेता देण्याची हमी दिली होती. म्हणजे जगातला सर्वात श्रीमंत खेळसोहळा, आणि त्याला सार्वजनिक मालमत्ता फुकट. खेळ आला की सरकारे अशी उदार होतात. आपल्याकडचा अनुभव तर अधिक कडू आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेसाठी अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेचे सहाशे कोटींहून अधिक रुपये वळवले गेले आणि ही गोष्ट गृहमंत्र्यांना राज्यसभेत कबूल करावी लागली. स्पर्धेच्या नावाने नियमाला अपवाद केला जातो तेव्हा तो अपवाद कोणाच्या खिशातून होतो हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता दुसरे चित्र पाहा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आजच्या तेलंगणातील मेदक जिल्हा. जहीराबादजवळ माचनूर नावाचे गाव. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या महिला संघांनी तेथे युनेस्कोच्या मदतीने १९९८ मध्ये रेडिओ केंद्राची तयारी केली. या संघांतील बहुसंख्य स्त्रिया दलित, भूमिहीन किंवा तुकडाभर जमिनीच्या मालकीण. बियाणे, पाऊस, आजारपण, मजुरी, गाणी, सगळे त्या आपल्या बोलीत ध्वनिमुद्रित करू लागल्या. यंत्रे होती, आवाज होता, ऐकणारे होते. परवाना नव्हता. कारण त्या वेळच्या धोरणात त्यांच्यासारख्यांना परवाना देण्याची सोयच नव्हती. २००२ च्या डिसेंबरात सरकारने सामुदायिक रेडिओ मान्य केला तो फक्त नामांकित शिक्षणसंस्थांना. अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. माचनूरच्या बायका कॅसेट भरून गावोगावच्या बैठकीत वाजवत राहिल्या.

नोव्हेंबर २००६ मध्ये धोरण बदलले, स्वयंसेवी संस्थांना दार उघडले. आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी, तब्बल दहा वर्षांनी, ‘संगम रेडिओ’ हवेत गेला. उद्घाटनाला कोण आले होते? सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. ज्यांनी लहरी जनतेच्या आहेत असे १९९५ मध्ये लिहिले, त्यांना त्या लहरी खऱ्या अर्थाने जनतेच्या हाती आलेल्या पाहायला तेरा वर्षे थांबावे लागले. न्या. सावंत २०२१ मध्ये गेले.

क्रिकेटच्या यंत्रांना काही दिवस, दलित बायकांच्या यंत्रांना दहा वर्षे. कायदा एकच होता, लहरी त्याच होत्या. क्रिकेट असोसिएशनकडे नामांकित वकील होते आणि तिच्या मागे साऱ्या देशाचे डोळे होते. माचनूरच्या मागे कोणी नव्हते. समतेच्या कलम १४ चा अर्थ आम्ही विद्यार्थ्यांना शिकवताना हीच दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवतो.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांची धम्म परिषद होती. गर्दी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त झाली. दुपारपासून मोबाईल लागेनासे झाले. स्वयंसेवकांसाठी आम्ही भाड्याने वॉकी-टॉकी आणले होते. बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याने परवाना विचारला. दुकानदाराने तो दिला नव्हता आणि आम्ही, वकील असूनही, तो मागितला नव्हता. संच बंद करून पेटीत ठेवावे लागले. अधिकाऱ्याची चूक नव्हती, कायदा त्याच्या बाजूने होता. संध्याकाळी सात-आठ वर्षांची एक मुलगी चुकली. मंडपाच्या एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला पायी जात होता. ती सापडायला तीन तास लागले. तिच्या आईचा त्या तीन तासांतला चेहरा आम्ही विसरलेलो नाही. पुढच्या वर्षी आम्ही शहाणे होऊन रीतसर लेखी विचारणा केली. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने दिल्लीचा पत्ता दिला. दिल्लीचे उत्तर आले तेव्हा परिषद होऊन दोन महिने झाले होते.

आता त्यात थोडी सुधारणा झाली आहे, ती कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. मेळाव्यासाठी संच भाड्याने घेताना त्यावरची फ्रिक्वेन्सी आणि शक्ती पाहून घ्या, दुकानदाराकडून लेखी घ्या. पण छोट्या शक्तीचा संच लाखोंच्या गर्दीत फार दूर पोहोचत नाही. शिवाय स्वयंसेवकांचे आपसातले बोलणे वेगळे, आणि जमलेल्या सर्वांना एकाच वेळी सूचना देणे वेगळे. त्यासाठी रेडिओच हवा.

आणि असा तात्पुरता रेडिओ अशक्य नाही. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात आकाशवाणीने २०२५ च्या जानेवारीत ‘कुंभवाणी’ नावाची खास एफएम वाहिनी १०३.५ मेगाहर्ट्झवर सुरू केली. यात्रेकरूंना सोय झाली, चांगलेच झाले. मग ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, दीक्षाभूमीवर येतात, आषाढीला पंढरपुरात येतात, त्या दिवसांपुरता असा रेडिओ मागितला तर तो का मिळू नये? आणि तो दरवेळी सरकारनेच का चालवावा? ब्रिटनमध्ये अल्पमुदतीचा मर्यादित सेवा परवाना म्हणून एक प्रकार आहे. जत्रा, क्रीडासोहळा, रमजानचा महिना अशा प्रसंगी साधी स्थानिक मंडळेही जास्तीत जास्त २८ दिवस आपले छोटे रेडिओ केंद्र चालवतात. क्रीडांगणापुरत्या समालोचनासाठीही तेथे असे परवाने आहेत. आपला सामुदायिक रेडिओचा परवाना वर्षांच्या हिशेबाने चालतो. दोन दिवसांच्या मेळाव्यासाठी तो आखलेलाच नाही.

उघडण्याच्या बाबतीत अशी दिरंगाई, पण बंद करण्याच्या बाबतीत मात्र सरकार फार चपळ आहे. एखाद्या जिल्ह्यात तणाव झाला की काही तासांत इंटरनेट बंद होते. मजुराचा हजेरीचा निरोप थांबतो, विद्यार्थ्याचा अर्ज राहतो. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. २०२४ च्या नियमांत एका आदेशाला १५ दिवसांची कमाल मर्यादा आहे. बंदीलासुद्धा मुदत घालता येते, तर परवानगीच्या निर्णयाला मुदत घालायला काय हरकत आहे?

१८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला आणि २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आला. त्याच्या कलम ४ मध्ये केंद्र सरकार हे जनतेच्या वतीने स्पेक्ट्रमचे मालक आहे असे म्हटले आहे. हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो दुसऱ्याच्या वतीने मालक असतो त्याला हिशेब द्यावा लागतो. विश्वस्ताला आपल्या मर्जीने वाटप करता येत नाही. २०१२ मध्ये टू-जी प्रकरणात १२२ परवाने रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मोठे सामने आणि मोठे जनमेळावे यांच्या तात्पुरत्या बिनतारी यंत्रांसाठी एकच खुली नियमावली असावी. क्रिकेट मंडळाला जो अर्ज, तोच गावातल्या मंडळाला. दोन दिवस ते महिनाभराच्या कार्यक्रमासाठी कमी शक्तीच्या एफएम केंद्राचा अल्पमुदतीचा परवाना सुरू करावा. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात मराठीतून देता यावा आणि ठराविक दिवसांत होकार किंवा कारणासह लेखी नकार मिळावा. नकारावर कार्यक्रमाच्या आधी अपील ऐकले जावे, कारण कार्यक्रमानंतर मिळालेला न्याय कागदावरच राहतो. धंद्यासाठी लहरी वापरणाऱ्याने पूर्ण शुल्क द्यावे, लोकांच्या सुरक्षेसाठी वापरणाऱ्याकडून नाममात्र घ्यावे. कोणत्या सामन्यासाठी कोणाला काय दिले आणि किती पैसे घेतले, याची नोंदवही जनतेला पाहता यावी. आणि सर्वात शेवटी, १९९५ च्या निर्देशाप्रमाणे सर्व समाजघटकांची स्वतंत्र संस्था स्थापन व्हावी.

हे आपोआप होणार नाही. पुढील मोठ्या मेळाव्याच्या आयोजकांनी किमान सहा महिने आधी लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारावे. आमच्या वकील बांधव-भगिनींनी ही कागदपत्रे जपून ठेवावीत. एका क्रिकेट असोसिएशनने आपल्या अडलेल्या यंत्रांसाठी न्यायालयाचे दार ठोठावले आणि साऱ्या देशाचा कायदा बदलला. हातात नकाराचा एक कागद आणि मंडपात हरवलेल्या त्या मुलीची आठवण घेऊन तेच दार आपणही ठोठावू शकतो.